जुन्या क्वार्टरचा पत्ता

आमच्या घरगुती वाळवणाची वेबसाइट गूगलच्या कितव्या पानावर येते ते शोधायला मी एका दुपारी बसले आणि अंगठा दुखेपर्यंत मोबाइल सरकवत राहिले. इंदूरचे पापड आले, राजस्थानची लोणची आली, कुठल्याशा कंपनीचा पास्ता तर पुन्हा पुन्हा आला. आमचं नाव काही दिसेना. समोर दिवाणावर आई लसूण सोलत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आली काय कोणी?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

"येईनच कोणी," आई म्हणाली आणि पुढची पाकळी घेतली.

हा प्रश्न ती रोज विचारायची. ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारीला धंद्याची काळजी. पण आईच्या 'कोणी'मध्ये एकच बाई होती, आमच्या जुन्या क्वार्टरची शेजारीण. मी तिला मावशी म्हणायची. ती आईची बहीण नव्हती, नात्यातली नव्हती, जातीतलीही नव्हती. पंचवीसेक वर्षं झाली असतील तिला पाहून. ती आपल्याला शोधत असणार याबद्दल आईच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आपणच तिला सापडत नाही, एवढाच काय तो घोटाळा.

वेबसाइटचं हे खूळ आईनं उचलून धरलं ते त्या घोटाळ्यामुळेच, हे मला हळूहळू कळलं.

मी भिलाईला पोलादाच्या कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये वाढले. भिलाईत एकमेकांना नाव नंतर विचारतात, आधी विचारतात, कोणता सेक्टर? मग कोणती सडक? त्यावरून माणूस कळतो असा सगळ्यांचा समज. मी शाळेत जायला लागले तेव्हा आईनं मला पाढे शिकवायच्या आधी पत्ता पाठ करून घेतला होता. "हरवली त रडू नको. जो भेटन त्याले हे सांगजो," असं म्हणून ती सुरात म्हणवून घ्यायची, आधी सेक्टर, मग सडक, मग क्वार्टर.

बाबा आणि मावशीचे यजमान दोघेही प्लांटच्या कोक ओव्हनला, कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर होते, दोघांची गावं भंडाऱ्याकडची, एकमेकांपासून सायकलीच्या अंतरावर. आमचं घर शेतीवाल्यांचं, त्यांचं बौद्ध. गावाकडे आमची वस्ती वेगळी, त्यांची वेगळी, विहिरी वेगळ्या. प्लांटनं मात्र क्वार्टरं वाटताना असलं काही पाहिलं नाही. आमच्या दोन अंगणांच्या मध्ये गुडघ्याएवढं मेंदीचं कुंपण होतं आणि ते एका जागी ये-जा करून करून कायमचं बसलेलं होतं. तिथे पुन्हा मेंदी लावायचं कोणाच्याच मनात आलं नाही.

उन्हाळा लागला की दोघी सरगुंडे करायच्या. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. घट्ट कणकेची बारीक लांब दोरी वळायची, ती तुरीच्या गुळगुळीत काडीवर गुंडाळायची, अलगद सरकवून काढायची आणि वाळवायची. आंब्याचा रस निघाला की उकडून रसाबरोबर खायचे. एकटीनंही होतात, पण एकटीनं करण्यात मजा नाही, हे आईचं मत. ती दोरी वळायची, समोर बसून मावशी गुंडाळायची, आणि दोघींची तोंडं हातांपेक्षा जास्त चालायची. वारा प्लांटकडून वाहायला लागला की दोघी ओरडत उठायच्या आणि खाटेवरच्या वाळवणावर लुगडं पसरायच्या, नाहीतर सगळ्यावर काळी धूळ बसायची. माझ्या बालपणात सुख कशाला म्हणायचं असं कोणी विचारलं तर मी ते लुगडं पसरण्याची धांदल सांगेन.

एका उन्हाळ्यात गावाहून आत्या आली. खाटेवर आईसमोर मावशी बसलेली पाहून ती सरळ आत गेली, आईला बोलावून घेतलं आणि त्या बाईच्या हातचं मी खाणार नाही म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, घरात तिचा शब्द चालायचा. आई पिठाच्या हातांनी तशीच उभी होती. म्हणाली, "हे गाव नोहे बाई, हे क्वार्टर होय." आणि बाहेर जाऊन पुन्हा दोरी वळायला बसली. मी दाराशी होते. मावशीनं सगळं ऐकलं होतं. तिनं फक्त काडी पुढे केली. आत्यानं त्या वर्षी रस पोळीशी खाल्ला.

पण क्वार्टर आपलं नसतं. माणूस रिटायर झाला की प्लांटला किल्ली परत करायची आणि चालू लागायचं. मावशीचे यजमान आधी रिटायर झाले. ट्रकमध्ये सामान चढलं तेव्हा दोघींनी सरगुंड्याच्या काड्या अर्ध्या अर्ध्या वाटून घेतल्या. मावशी म्हणाली, "क्वार्टर मले माहीतच हाय. येईन मी." नागपूरहून तिच्या मुलाच्या अक्षरात पत्रं आली, मग थांबली. पुढे बाबा रिटायर झाले, आम्हीही किल्ली दिली आणि भिलाईतच हुडको कॉलनीत घर घेऊन राहायला आलो. फोन तेव्हा कोणाकडे होते? त्यानंतर मावशीनं काही लिहिलं असेल, तर ते जुन्या क्वार्टरच्या दाराच्या फटीतून आत पडलं असेल आणि कोणीतरी केरात काढलं असेल. मी एकदा नागपूरच्या त्या पत्त्यावर जाऊन आले होते. तिथे सहा मजली बिल्डिंग उभी होती आणि वॉचमन बिहारचा होता.

बाबा गेल्यावर घरात आई आणि मी उरलो; शाळेतली नोकरी संपल्यावर मी घरच्या घरी सरगुंडे, कुरडया आणि जवसाची चटणी करून विकायला लागले. गल्लीतल्या दोन बाया मदतीला यायच्या. आई दिवाणावरून देखरेख करायची, म्हणजे सगळ्यांच्या चुका काढायची. माझी मुलगी बंगळूरला बसून उंटावरून शेळ्या हाकते. तिनं ही वेबसाइट बनवून दिली. आई लगेच तयार झाली, फक्त तिची एक अट होती. साइटवर पत्ता क्वार्टरचा टाकायचा.

"आई, तिथे आता आपण राहत नाही."

"मले माहीत हाय. तिले माहीत नाही ना."

मी म्हटलं, म्हातारीचा हट्ट, जाऊ दे. पत्ता टाकला. खाली बारीक अक्षरात माझा फोन नंबर टाकला. आणि वर्षभर त्या साइटवर काळं कुत्रं फिरकलं नाही.

मग मला ते फोन यायला लागले. "मॅम, आपकी वेबसाइट को गूगल के पहले पेज पर ले आएँगे, गारंटी." गॅरंटी देणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही, आयुष्यभर गणित शिकवल्याचा परिणाम. मी एकाला विचारलं, पहिल्या पानावर जागा दहा आणि तू गॅरंटी दिलीस शंभर जणांना, तर उरलेले नव्वद कुठे बसवणार? त्यानं फोन ठेवला. शेवटी हुडकोतल्या शेजारणीच्या सांगण्यावरून मी शहराच्या कडेला जुनवानीत गेले. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर एका खोलीत हेच काम करणारी छोटीशी एजन्सी होती. चालवणारा तिशीतला, गबाळा आणि खरं बोलणारा. म्हणाला, "गारंटी नहीं दूँगा आंटी. काम दिखाऊँगा." मला तो आवडला. मी काम दिलं.

पहिला खटका सरगुंड्यावरून उडाला. लोक गूगलवर कोणते शब्द टाकतात हे त्यानं काढून पाहिलं आणि मान हलवली. सरगुंडे हा शब्द कोणी शोधतच नाही म्हणे. त्याऐवजी 'होममेड देसी पास्ता' लिहूया.

मी म्हणाले, "तुझ्या आजीला उद्यापासून देसी ग्रँडमदर म्हणशील का?"

तो हसला, मी हसले नाही. शेवटी सरगुंडे मोठ्या अक्षरात राहिले आणि त्यांच्या वर्णनात पास्त्याला मागच्या बाकावर जागा मिळाली.

दुसरा खटका पत्त्याचा. साइटवर एक पत्ता, गूगलच्या नकाशावर दुसरा, पाकिटावर तिसऱ्याच तऱ्हेनं लिहिलेला. असं असलं की गूगलचा भरवसा बसत नाही आणि दुकान मागे पडतं. सगळीकडे एकच खरा पत्ता पाहिजे, हुडकोचा. क्वार्टरचा काढावा लागेल. हे त्यानं मला व्यवस्थित समजावलं आणि मला ते पटलं. मी घरी येऊन आईला सांगितलं. आईनं जेवणाचं ताट बाजूला सारलं.

दोन दिवस आमचं कडाक्याचं वाजलं. मी म्हणाले, अगं, लोकांच्या घराचा पत्ता आहे तो, त्यांना त्रास होईल. आई म्हणाली, इतके दिवस कोण आलं त्रास द्यायला? मी म्हणाले, मग उपयोग काय त्याचा? त्यावर तिनं भिंतीकडे तोंड केलं, आणि आईचं ते तोंड फिरवणं मला कधीच झेपलेलं नाही. मी एजन्सीच्या त्या मुलाला फोन केला. म्हटलं, बाबा रे, तूच ये आणि सांग तिला.

तो आला. आईनं त्याला खुर्चीवर बसवलं आणि भिलाईचा प्रश्न विचारला. "कोणता सेक्टर?"

"सेक्टर नहीं दादी, खुर्सीपार. पिताजी ठेके पर थे."

"गाव?"

"गोंदिया के पास."

"मंग हिंदी कावून झाडून राहिला?"

तो ओशाळला. मग अडखळत म्हणाला, "घरी बोलतो ना आजी. बाहेर सवय नाही राहली." आणि त्यानंतर तो तिच्याशी तिच्याच बोलीत बोलत राहिला. पत्ता दोन असले की गूगल कन्फ्यूज होतो, हे त्यानं तिला हातवारे करून सांगितलं.

"गूगल कन्फ्यूज होईन त होऊ दे," आई म्हणाली. "ती नाही झाली पायजे."

"ती कोण?"

आईनं सांगितलं. कुंपण, काड्या, ट्रक, सगळं. मी चहा करून आणला तरी ती सांगतच होती. तो ऐकत होता, चहावर साय धरली. ऐकून झाल्यावर म्हणाला, "आजी, पत्ता त काढाच लागन. पण हे सगळं लिहून द्या. मी याचं वेगळं पान बनवतो. सेक्टर, सडक, शेजारी, सगळं टाका. कोणी त्या सडकेचं नाव टाकून शोधलं, त त्याले हे पान दिसलं पायजे. ते माह्यं काम."

आई सांगत गेली, मी लिहीत गेले. कोणाच्या अंगणात पेरूचं झाड होतं, कोणती बंगालीण दुर्गापूजेला आम्हाला पुऱ्यांसारखी लुची खाऊ घालायची, केरळचे काका नाइट शिफ्टवरून आल्यावर मुलांनी ओरडायचं नाही हा नियम. मग म्हणाली, "लिही, गावात आमी एका खाटेवर बसलो नसतो."

माझा हात थांबला. "हे दुकानाच्या साइटवर? लोक काय म्हणतील?"

"खोटं हाय काय?"

लिहिलं. पण मावशीचं नाव तिनं घालू दिलं नाही. तिच्या घरी सुना-नातवंडं असतील, तिला विचारल्याशिवाय तिचं नाव असं बाजारात मांडायचं नाही. मी डोक्याला हात लावला. जिला शोधायचं तिचंच नाव नको! पण त्या मुलानं मान डोलावली. म्हणाला, ठीक आहे, नावाशिवाय करू, फक्त क्वार्टरचा एक फोटो लागेल.

म्हणून एका सकाळी मी आईला ऑटोत घालून आमच्या जुन्या सडकेवर घेऊन गेले. इतक्या वर्षांत, एकाच शहरात राहून, आम्ही दोघी तिकडे फिरकलो नव्हतो. कोणी अडवलं नव्हतं. तिकडचं काम निघालं की आम्हीच लांबचा रस्ता धरायचो. मेंदीचं कुंपण जाऊन तिथे पत्रे उभे राहिले होते. मावशीचं क्वार्टर बंद होतं, दाराला प्लांटचं कुलूप. आमच्या क्वार्टरमधून एक बाई बाहेर आली, कोण पाहिजे म्हणून विचारलं. मी सांगितलं, आम्ही इथे राहायचो.

"पुराने लोग आते रहते हैं," ती म्हणाली. "देखकर चले जाते हैं." मग तिनं ऑटोतल्या आईकडे निरखून पाहिलं. "तीन-चार साल पहले एक दादी आई थीं, पोती के साथ. आपकी ही तरह मराठी. यहीं खड़ी रहीं. पूछ रही थीं, इस घरवाले कहाँ गए. हमको तो मालूम नहीं था."

मी आईकडे वळले. तिनं ऐकलं होतं.  ती रडेल असं मला वाटलं, पण तिच्या चेहऱ्यावर राग होता, अगदी ताजा राग, जसा काही मावशी आत्ताच कोपऱ्यावरून वळून गेली आणि आम्हाला दोन मिनिटं उशीर झाला. "मी म्हणून राहिली होती ना," ती म्हणाली. "येईन म्हणे, त आलीच ती." सगळ्या रस्त्यात ती एवढंच बोलली.  मी त्या बाईकडे आमचा नंबर देऊन आले होते.

घरी आल्यावर आईनं पानावर शेवटी एक ओळ घालायला लावली. 'तू येऊन गेलीस ते कळलं. आता आम्ही हुडकोत राहतो.'

पान झळकलं, आणि त्या मुलालाही वाटलं नव्हतं तसं ते वर चढलं. माणसं यायला लागली. विशाखापट्टणमहून एक म्हातारे तेलुगू गृहस्थ, मागच्या सडकेवरचे. आसनसोलहून त्याच बंगालिणीची सून. कोणी अमेरिकेतून. कोणाला पेरूचं झाड आठवत होतं, कोणाला नाइट शिफ्टवाले काका. सगळे तासभर बोलायचे, काही जण जाता जाता सरगुंडेही मागवायचे. धंदा बरा चालायला लागला. तो मुलगा खूश. म्हणाला, आंटी, आपला सगळ्यात चालणारा माल हे पानच आहे. मी फोनवर अनोळखी माणसांशी बोलताना रडायचे आणि मला त्याची लाज वाटत नसे. इतकी माणसं एका सडकेवर राहिली, एका भोंग्यावर उठली, आणि सगळ्यांना वाटत होतं की आपणच एकटे हरवलो आहोत.

फक्त ती येत नव्हती. फोन वाजला की आई लसूण सोलायची थांबायची. मी मान हलवली की पुन्हा सुरू. हळूहळू तिनं थांबणं सोडलं. 'आली काय कोणी' हेही विचारेनाशी झाली. मला तो प्रश्न नकोसा व्हायचा एके काळी. आता तो ऐकायला मी तळमळत होते.

उन्हाळा लागता लागता, सकाळी अकराच्या सुमाराला एका मुलीचा फोन आला. चंद्रपूरहून. ती म्हणाली, माझी आजी सारखं एका सडकेचं नाव घेते, म्हणून मी सहज शोधलं. ते पान मी तिला वाचून दाखवलं. खाटेचं वाक्य आलं तेव्हा ती म्हणाली, बंद कर आणि फोन लाव.

मी स्पीकर लावून फोन आईच्या मांडीवर ठेवला. 

"कावून वं," आई म्हणाली, "इतका उशीर?"

"मी आलती ना." आवाज बारीक झाला होता, पण मी तो कुठेही ओळखला असता. "तूच नव्हती घरी."

आईनं पदर तोंडाला लावला.  मग दोघी बोलायला लागल्या. यजमान गेले, इकडचेही, तिकडचेही. गुडघे गेले. दात गेले. प्रवास आता दोघींकडूनही होणार नव्हता, हे दोघींनी एकमेकींना न सांगता सांगून टाकलं.

"काड्या हायत काय वं?" आईनं विचारलं.

"हायत ना. तुह्याजवळ?"

"हायत."

"आता कोठी राहतं तू?" मावशीनं विचारलं.

आईच्या समोर पाकिटांचा ढीग होता, आणि प्रत्येक पाकिटावर हुडकोचा पत्ता, सगळीकडे सारखा, खरा. आईनं त्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि सुरात सांगितलं, आधी सेक्टर, मग सडक, मग क्वार्टर.

आई चुकली असं वाटून मी फोनकडे हात नेला.

"मंग जवळच हाय," पलीकडून मावशी म्हणाली. "मी बाजूलेच त राहतो."

"हो ना," आई म्हणाली. "ये मंग. कणीक भिजवून ठेवतो."

मी हात मागे घेतला, उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन परात काढली.